कुंदन मेहेरची निळी आरिया

आधीच सांगून टाकतो, मी चिडका माणूस आहे. पालघरला स्टेशनबाहेरच्या गल्लीत माझं साऊंडचं दुकान आहे. स्पीकर, माईक, मिक्सर भाड्याने देतो, बिघडलेलं दुरुस्त करतो आणि ज्याला त्याला चार शब्द सुनावतो. सुनावण्याचे पैसे घेत नाही. आमच्या घरात म्हणतात, प्रदीपच्या तोंडाला फ्यूजच नाही. नसेना का! पण ज्या माणसाची गोष्ट सांगतोय त्याच्यासमोर माझं तोंडसुद्धा बंद पडलं होतं, म्हणून सांगतोय.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते नाव विचारणाऱ्या गिऱ्हाइकांवर. दुकानात पाय टाकला की पहिला प्रश्न, ‘कंपनी कुठली?’ अरे बाबा, आधी कान देऊन ऐक तरी! बेस गिटारच्या बाबतीत तर हा रोग फारच. बेस म्हणजे ते जाड तारांचं, चार तारांचं गिटार. ढोलकीच्या खाली घुमत असतं, नाचणाऱ्याच्या पायाला कळतं, कानाला फारसं कळत नाही. त्यात सगळ्यांना एकच नाव पाठ, फेंडर. अमेरिकेची कंपनी, मोठे मोठे लोक वाजवतात, मान्य आहे, वाद्य चांगलंच असतं. पण म्हणून बाकीचे काय भुसा भरून विकतात? यामाहाचा सुंदर बेस दाखवला तर लोक म्हणतात, ही तर मोटारसायकलवाली कंपनी. कोरियाची कॉर्ट दुसऱ्यांच्या नावाने वाद्यं बनवून देते. तेच वाद्य दुसऱ्या नावाने आलं की हेच लोक डोक्यावर घेऊन नाचतात. जुन्या पीव्ही, जुन्या वेस्टोन कोणाच्या माळ्यावर पडल्या असतील तर घरचे भंगारात काढतात. आणि आरिया हे नाव घेतलं की समोरचा विचारतो, ही कोण बाई?

तर कुंदन मेहेरकडे आरिया होती.

कुंदनदादा एडवणचा. समुद्रावर जाणाऱ्या घरातला, दर्यावर वाढलेला. भावाच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत बेस वाजवायचा. आमच्या किनाऱ्यावर हळद म्हणजे बेंजो पार्टी आलीच. नवरदेवाला हळद लागो न लागो, बेंजो वाजला पाहिजे. त्याचा मामेभाऊ चिंतू परदेशी जहाजावर होता. त्याला कुंदनदादाने सांगितलं होतं, फेंडर आण. चिंतूने जपानच्या कुठल्याशा बंदरावरून ही आरिया आणली आणि वर म्हणाला, ‘दुकानदार बोलला हीच घे, चांगली हाय.’ कुंदनदादा म्हणे आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. पार्टीतली पोरं तर त्याला चिडवून चिडवून बेजार करायची. जपानी म्हणजे नक्कल, जपानी म्हणजे खेळणं, असा तो काळ. पण वाजवायला लागला आणि ती हातात बसली. मग तिने त्याला सोडलं नाही आणि त्याने तिला.

आता ती निळी कशी झाली ते ऐका, कारण असला उद्योग फक्त आमच्या किनाऱ्यावरच होऊ शकतो. नारळी पौर्णिमेआधी बोटी रंगवतात. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली बोट खरवडायची, ऑइलपेंटचे दोन हात मारायचे, नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव काढायचं, मग नारळ देऊन दर्यात घालायची. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला त्या दिवसांत नवा रंग लागायलाच हवा, ही समजूत. कुंदनदादाची बायको जमना. बोंबील सुकवून मनोरच्या बाजारात विकणारी, खणखणीत आवाजाची बाई. एका वर्षी बोट रंगवून डब्यात रंग उरला. हिने विचार केला, बोटीवर घर चालतं तसं नवऱ्याच्या गिटारवरपण चालतं. मग ते का म्हणून उघडं ठेवायचं? खारं वारं लाकूड खातं. नवरा पालघरला गेलेला होता. त्याने घरी येऊन बघितलं तर ओट्यावर गिटार वाळत घातलेलं, पुढून मागून निळं, कडेने नारिंगी पट्टा, अगदी बोटीसारखा. गिटारच्या डोक्यावर, तारा पिळायच्या चाव्यांच्या मधे कंपनीचं नाव होतं तेही रंगाखाली गुडुप.

‘मी काय बोलणार हाय प्रदीप?’ तो मला सांगायचा. ‘ती कमरेवर हात ठेवून उभी. बोलली, बघा कशी नव्या नवरीवानी झाली! मी बोललो, हो, झाली खरी.’

पार्टीत पोरं हसून लोळली. कोणी वल्हं म्हणायचं, कोणी विचारायचं की मासे किती लागले. कुंदनदादाने रंग काढला नाही. उलट पुढे दर वर्षी पौर्णिमेला जमना एक हात मारायची आणि तो बाजूला बसून तारा सांभाळायचा.

जमना गेली त्याला आता काही वर्षं झाली. मुलगा मेहुल बोटीवर राहिला नाही, मोठ्या जहाजावर गेला. बंदराला लागला की फोन करतो. चांगला आहे पोरगा, पण समुद्रात नेटवर्क कुठून आणायचं? भावाने बोट विकली. गुडघ्यांमुळे कुंदनदादाला तसंही दर्यावर जाणं जमत नव्हतं. जुन्या बेंजो पार्टीचे मास्तर वारले आणि पार्टी त्यांच्या पुतण्याकडे आली, बबलूकडे. त्याने नाव ठेवलं ‘बबलू बीट्स’. चकचकीत जांभळी जॅकेटं शिवली आणि कुंदनदादाला बोलवायचं बंद केलं. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं बोलावणं येईना.

मग तो माझ्या दुकानात यायला लागला. दर आठवड्याला गिटार खांद्याला लावून एडवणहून यायचं आणि म्हणायचं, ‘प्रदीप, जॅक हलतोय बघ जरा.’ मी जॅक, म्हणजे केबल खुपसायची खोबण, उघडायचो. जॅक ठणठणीत. मी उगाच एक स्क्रू ढिला करायचो, परत आवळायचो, म्हणायचो, झालं. तोपर्यंत चहा यायचा. चहा पिता पिता तो घरातलं सांगायचा. घरात सांगण्यासारखं काय असणार? सकाळी भात टाकला, दुपारीही तोच खाल्ला. शेजारच्या घराला कुलूप लागलं. मांजर यायचं, तेही आता येत नाही. एकदा म्हणाला, ‘काल दिवसभर मी तोंडातून एक शब्द नाय काढला. संध्याकाळी तो बाहेर काढून बघितला, आवाज येतो का म्हणून.’ आणि हसला. मला हसू आलं नाही, राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून पोऱ्यावर ओरडलो की चहा थंड का आणला.

मी बबलूला फोन करून झापलं. ‘अरे, तुझ्या मास्तरकाकांच्या बरोबरीने वाजवणारा माणूस. त्याला घेत का नाहीस?’

बबलू शांतपणे म्हणाला, ‘प्रदीपभाऊ, आता लोक ऐकत नायत, बघतात. रील टाकावं लागतं, त्यावर ऑर्डरी येतात. ते निळं फळकूट घेऊन काका माझ्या स्टेजवर कसे उभे राहतील? त्यांना सांगा, फेंडर घेऊन या. नाव दिसलं पायजे, क्यामेऱ्यात. मी लगेच घेतो.’

हे मी कुंदनदादाला सांगायला नको होतं, असं आज वाटतं. पण माझ्या पोटात काय राहतं? सांगून टाकलं, वर बबलूला दोन शिव्याही जोडल्या. कुंदनदादाने शिव्या ऐकल्याच नाहीत. त्याने एवढंच विचारलं, ‘लगेच घेतो बोलला?’

नंतर थोड्याच दिवसांनी दर्पण दुकानात आला. हा बोईसरला राहतो, तारापूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि हौसेने बेस वाजवतो. केबल घ्यायला आला होता. कुंदनदादा बाकावर बसलेला, मांडीवर गिटार. दर्पण केबल विसरला. वाकून गिटारचं अंग बघायला लागला, पाठीवरून हात फिरवायला लागला.

‘काका, याची मान आणि धड एकाच लाकडात आहे. जोड नाहीये. कुठून आणलंत?’

‘जपान,’ कुंदनदादा म्हणाला.

खाऱ्या हवेने रंगाला जागोजागी पोपडे सुटले होते. दर्पणने विचारून, गिटारच्या डोक्यावरचा एक पोपडा नखाने अलगद उचलला. खालून अक्षरं दिसली. पोरगा असा काही हरखला! ‘आरिया प्रो टू! काका, ही ऐंशी सालच्या आसपासची असणार.’

मग त्याने जे सांगितलं ते मी कुंदनदादासाठी दोनदा वदवून घेतलं. ही वाद्यं जपानच्या माटसुमोटो गावी बनायची. त्या वेळी लोक नक्कल म्हणून नाक मुरडायचे, आता जाणकार शोधत फिरतात. नाव अजूनही मोठं नाही, त्यामुळे ज्याला माहीत आहे तोच विचारतो. पण जो विचारतो तो सहज सोडत नाही. दर्पणने ती स्पीकरला जोडून वाजवली. दुकानातल्या काचा हलल्या, तरी स्वर कसा निवळ. हा रंग मारला नसता तर किंमत बरीच जास्त आली असती, हेही त्याने लपवलं नाही.

कुंदनदादाचे डोळे भरून आले. ‘चिंतू बोललेला,’ तो म्हणाला. ‘चांगली हाय बोललेला. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाय.’

मला वाटलं, चला, माणसाचे दिवस फिरले. आता ही घेऊन ताठ मानेने कुठेही वाजवील. एवढ्यात दर्पणने विचारलं, ‘काका, कधी विकायची झाली तर मला सांगाल?’ आणि कुंदनदादाने एका क्षणात विचारलं, ‘बदली फेंडर देशील?’

मी उडालोच. ‘डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आत्ता तो काय सांगतोय ते ऐकलंस ना?’

दर्पण भला पोरगा. तो म्हणाला, ‘काका, माझ्याकडे एक आहे, मेक्सिकोत बनलेली. चांगली आहे, पण साधी आहे. या बदल्यात तुमचं नुकसान आहे. त्यापेक्षा पैसे घ्या, किंवा देऊच नका.’

‘नाव हाय ना तिच्यावर? लांबून दिसतं?’

‘दिसतं.’

‘मग झालं.’

मी काय काय नाही बोललो! म्हटलं, त्या दोन दिवसांच्या बबलूसाठी तू आयुष्याची सोबतीण देतोस? म्हटलं, दर्पण हा रंग खरवडून काढेल, जमनावहिनीचा हात आहे त्यावर, काही वाटतं का? हे बोललो आणि जीभ चावली. कुंदनदादा निळ्या लाकडाकडे बघत राहिला.

‘प्रदीप,’ तो हळूच म्हणाला, ‘जमना असती तर मला काय कमी होतं? मी घरात बसून वाजवलं असतं, तिने मासळी साफ करता करता ऐकलं असतं. आता मी घरात वाजवतो तेव्हा भिंतीला ऐकवतो. ही कितीपण चांगली असली तरी माझ्याशी बोलत नाय ना. मला माणसं पायजेत.’

एवढं बोलणारा मी, स्क्रू ड्रायव्हर घेऊन तिचा ठणठणीत जॅक उघडायला बसलो.

दर्पण रविवारी फेंडर घेऊन आला. काळी, तुकतुकीत, डोक्यावर ते नाव. कुंदनदादाने आरियाच्या तारा पुसून दिल्या आणि दर्पणला एवढंच सांगितलं की पावसाळ्यात तिला भिंतीला टेकवून ठेवू नको, ओल धरते. दर्पण म्हणाला, कधीही या, वाजवा. कुंदनदादा हो म्हणाला. तो जाणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बबलूने मात्र शब्द पाळला. कुंदनदादाला जांभळं जॅकेट मिळालं. ते घालून तो मला दाखवायला आला. पोटावर बटण लागत नव्हतं, पण चेहरा बघायचा होता त्याचा! केस रंगवले होते. म्हणाला, ‘शनिवारी कोळगावला हळद हाय. गाडी न्यायला येणार हाय, घरापर्यंत.’ हे ‘घरापर्यंत’ तो दोनदा म्हणाला. साऊंड माझाच होता.

शनिवारी दिवस मावळायच्या आत मी मांडवात स्पीकर लावून मिक्सरवर बसलो. प्रत्येक वाद्याची एक लाइन मिक्सरला येते, दांडी वर केली की आवाज बाहेर, खाली केली की बंद. बबलू माझ्याजवळ आला आणि कानाशी म्हणाला, ‘भाऊ, काकांची लाइन बंद ठेवा. सगळा बेस कीबोर्डच्या ट्रॅकमधे भरलेला हाय. दोन बेस झाले की गिचका होतो.’

‘मग त्याला आणलंस कशाला रे?’

‘स्टेज भरलेलं दिसतं. आणि जुना माणूस हाय, लोकांना बरं वाटतं. त्यांना नका सांगू, उगाच वाईट वाटेल.’

यात दुष्टपणा नव्हता, हेच मला सहन होईना. दुष्टपणा असता तर तिथल्या तिथे कानाखाली काढली असती. पहिलं गाणं झालं. कुंदनदादा मागच्या रांगेत, डोळे मिटून, बोटं चालवत होता. स्पीकरमधून कीबोर्डचा ठोकळेबाज बेस येत होता. नवरदेवाच्या आत्या, मावश्या हळदीचे हात वर करून नाचत होत्या. पोरं मोबाईल धरून उभी. कॅमेऱ्याने त्या काळ्या गिटारचं डोकं चांगलं जवळून घेतलं.

दुसरं गाणं सुरू झालं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, गेला खड्ड्यात तुझा ट्रॅक! कीबोर्डचा खालचा सूर कापला आणि कुंदनदादाची दांडी वर ढकलली.

काय सांगू तुम्हाला! मांडवाखालची जमीन जिवंत झाली. तो सूर जरा रेंगाळून पडत होता, माणूस वाजवतो तसा. नाचणाऱ्या बायकांची पावलं आपोआप बदलली. एका म्हाताऱ्याने खुर्चीवरून उठून कंबर हलवली. गिचका वगैरे काही नाही. बबलूने झटकन मागे वळून माझ्याकडे बघितलं, डोळे वटारले. मी त्याच्याहून मोठे वटारले.

आणि कुंदनदादाने डोळे उघडले. आधी स्पीकरकडे बघितलं, मग बबलूच्या पाठीकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हसेल. त्याने गाणं कसंबसं पुरं केलं, गिटार स्टँडवर ठेवलं आणि गुडघे सांभाळत, माणसांतून वाट काढत माझ्याकडे आला.

‘प्रदीप, माझी लाइन बंद कर.’

‘अरे, पण तू केवढं छान...’

‘बंद कर. पहिली बंदच होती ना? मला पहिल्या कडव्यालाच कळलं. एवढी वर्षं वाजवतोय, माझा आवाज कुठला नि पेटीतला कुठला ते मला नाय कळणार?’

‘मग तू उभा कशाला राहिलास?’ मी ओरडलोच. बाजूच्या बायका वळून बघायला लागल्या.

त्याने माझ्या हातावर हात ठेवला. ‘घरापर्यंत गाडी आली रे. वाटेत पोरांनी माझी मस्करी केली. जेवायला पंगतीत माझ्यासाठी जागा धरलीय. बबलू चिडला तर पुढच्या हळदीला मला नाय बोलवायचा. तुझ्या पाया पडतो, खाली कर.’

शिवी घालायची होती, कोणाला घालायची तेच समजेना. स्टेजवरून बबलूने हाक मारली, ‘काका, चला लवकर!’ आणि ती हाक ऐकून त्या माणसाचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

मी दांडी खाली ओढली. ती पूर्ण खाली गेली की नाही हे त्याने वाकून स्वतः बघितलं. मग जॅकेट पोटावर ओढत तो लगबगीने स्टेजवर चढला, पट्टा गळ्यात घातला आणि सगळ्यांच्या बरोबरीने वाजवायला लागला.